‘तू आहेस ना तिथे’

पत्र :

ताई, वय ३८, राहणार लालबाग, नोकरी बँकेत. मूळचे आम्ही राजापूरकडचे, पण माझा जन्म चाळीतलाच. आम्ही चौघं एका मजल्यावरचे, एका वर्गातले. आज एक न्यू जर्सीत आहे (एच-१बीवर, म्हणजे कामाच्या व्हिसावर), एक दुबईत, एक विरारला आणि मी जिथल्या तिथे. न्यू जर्सीवाल्याचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाले होते, तीन वर्षांपूर्वी गेले. काकी चाळीत एकट्या असतात, वय ७४. त्यांचे डॉक्टर, औषधं, पेन्शनचा हयातीचा दाखला, चाळीच्या पुनर्विकासाच्या मिटिंगा, सगळं मी बघतो. माझी बायको आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना डबा देते.

एप्रिलमध्ये काकींना दोनदा चक्कर आली. ‘त्याला कळवू नको, तिथे त्याचा जीव टांगणीला लागतो,’ म्हणाल्या, म्हणून कळवलं नाही. मे महिन्यात रात्री २ वाजता गॅलरीच्या टोकाला संडासला जाताना पडल्या, मनगट मोडलं. केईएमला नेलं, प्लेट बसवली. सगळं मिळून १८ हजार माझे गेले. मित्राने एकदा ‘किती झाले?’ विचारलं, मी ‘राहू दे रे’ म्हणालो. पण त्या रात्री फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘अरे, प्रायव्हेटला न्यायचं ना!’

आता गणपतीला १२ दिवस येतोय. वडील गेले त्यानंतर पहिल्यांदाच. ग्रुपवर कार्यक्रम टाकलाय : अलिबागला रिसॉर्ट, एक रात्र जुन्या गच्चीवर, ‘सगळ्यांनी सुट्ट्या टाका.’ मला वेगळा मेसेज : ‘घराच्या कामासाठी तुझ्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून देतो. तू आहेस ना तिथे.’ बायको विचारते, काकींचा मुलगा नक्की कोण? त्याची बहीण ठाण्याला असते. दुबईवाला दर रविवारी फोन करतो, त्याच्याशी काही प्रॉब्लेम नाही. मी ही दोस्ती तोडू का? की माझंच मन छोटं झालंय?

उत्तर :

नावं गाळून, पत्र थोडं कापून छापतेय. न्यू जर्सीवाल्याला आपण बंड्या म्हणू आणि दुबईवाल्याला पक्या. बंड्याला तुम्ही ज्या नावाने हाक मारता ते सदरात छापण्याजोगं नाही. पण अडतिसाव्या वर्षीही तो त्या नावाला ओ देतो, तेव्हा तोडण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवू.

मन छोटं झालेलं नाही तुमचं. हिशेब तुंबलाय, आणि तो तुंबवण्यात बंड्याइतकाच तुमचाही हात आहे. त्याने विचारलं होतं. तुम्ही ‘राहू दे रे’ म्हणालात आणि त्याच्या लेखी विषय मिटला. तुमच्या लेखी तिथूनच सुरू झाला. ज्या घरात आपण लहानपणी हक्काने जेवलो तिथल्या काकींच्या औषधाचे पैसे मागायला जीभ उचलत नाही, हे कळतं मला. पण मागितले नाहीत म्हणून ते विसरले जात नाहीत. ग्रुपवर रिसॉर्टचा फोटो पडला की पहिला तो आकडाच डोळ्यांसमोर येतो, खरं की नाही?

हे सुरू कसं झालं असेल तेही दिसतंय. आधी ‘आईला जरा सिलिंडर लावून दे’. मग ‘पेन्शन आईच्या नावावर करायचंय, तू बँकेतलाच आहेस’. मग नोव्हेंबर आला, हयातीचा दाखला आला. मग पुनर्विकासाची मिटिंग, ‘तू जातोच आहेस तर आमचंही ऐकून ये’. एकेक काम पाच मिनिटांचं, नाही म्हणावं असं त्यात एकही नाही. तीन वर्षांत त्याची नोकरी होऊन बसली. गिरणीतसुद्धा कायम कामगार आजारी पडला तर बदलीवाला उभा असायचा. तुमच्या जागी उभं राहायला कुणी नाही.

आता पक्याकडे बघा. एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्या वाट्याला एक ओळ आली आणि मला तीच सगळ्यात कामाची वाटली. पूर्वी त्याचा फोन शुक्रवारी येत असणार. २०२२पासून तिकडे सुट्टी शनिवार-रविवार झाली, म्हणून आता रविवारी येतो. त्याच्या आई-वडिलांचं कोण बघतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे तुम्ही बघत नाही. असेल घरात भाऊ-वहिनी. म्हणून पक्याशी तुम्ही मॅचवर बोलू शकता, साहेबाला शिव्या घालू शकता. दोघंही देश सोडून गेले, दोघंही कामासाठीच गेले. एकाच्या फोनची वाट बघता आणि दुसऱ्याचा मेसेज आला की ‘आता काय काढलं याने’ असं होतं. तेव्हा बंड्या लांब गेला म्हणून दोस्ती आटली, असं जे तुम्ही पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय ते मला पटत नाही. तुमच्या आणि बंड्याच्या मध्ये कामं येऊन बसलीत.

राजापूरच्या माणसाला हे खरं तर मी सांगायला नको. तुमचे आजोबा मुंबईला आले तेव्हा तेच बंड्या होते. गिरणगावात एका गावाच्या पंचवीस-तीस बाप्यांनी मिळून एक खोली धरायची, पाळीप्रमाणे झोपायचं, खाणावळीत जेवायचं आणि महिन्याला मनीऑर्डर धाडायची. गावात मागे राहिलेला भाऊ म्हाताऱ्यांचं बघायचा, पावसाआधी कौलं शाकारायचा, भात लावायचा. आणि चाकरमानी गणपतीला पिशव्या भरभरून उतरायचा, चार दिवस भजनं-आरत्या करून परत. ज्या घरांत ‘शेत तू कर, पीक निम्मं तुझं, शाकारणीचे पैसे माझ्याकडून’ हे तोंडावर बोलून झालं होतं, तिथे नातवंडं अजून एका पंगतीला बसतात. ज्या घरांत ‘तू आहेस ना गावाला’ एवढ्यावरच भागवलं, त्यातल्या बऱ्याच घरांतले चुलतभाऊ सातबारा घेऊन कोर्टात उभे आहेत. मागे राहणाऱ्याच्या कष्टाला मोल असतं, आणि ते वेळेवर ठरवलं नाही तर पुढे कुणीतरी भलतंच ठरवतं.

थोडं बंड्याच्या बाजूनेही बोलू दे. तीन वर्षं आला नाही म्हणजे निगरगट्ट झाला असं तुमच्या बायकोला वाटतंय, वाटणारच. पण एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर तिकडे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी शोधायची नाहीतर बिऱ्हाड आवरायचं. इकडे आला आणि पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असली, तर परत जाण्याआधी बीकेसीतल्या वकिलातीत तारीख मिळवून नवा शिक्का घ्यावा लागतो. तो लांबला तर तिकडची नोकरी, घरभाडं, मुलांची शाळा सगळं हवेत. अशा भीतीपोटी आईला भेटायला न आलेली मुलं पुष्कळ आहेत. ग्रुपवर ती लिहीत नाहीत, तिथे बर्फाचे आणि गाडीचे फोटो टाकतात.

आणि ते ‘प्रायव्हेटला न्यायचं ना’. लालबागला मेमध्ये रात्रीचे २ म्हणजे न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार. तो ऑफिसात होता. आई पडली, आपण इतक्या लांब, हातात करण्यासारखं काही नाही. पैसा तेवढा आहे, म्हणून तोंडातून पैशाचंच वाक्य निघालं. वाक्य वाईटच. मध्यरात्री कोण उठलं, जिन्यावरून काकींना कुणी उचललं, टॅक्सी कुणी थांबवली, हे आधी विचारायला हवं होतं. आणि लालबागच्या माणसाला हाड मोडल्यावर रात्री २ वाजता केईएमला नेलं यात खोट काढण्यासारखं काही नाही. १९२६पासून सगळं गिरणगाव तिथेच जातंय. हे तुम्ही त्याला जरूर ऐकवा. पण समोर बसून, आणि एकदाच.

चक्कर येण्याची गोष्ट मात्र तुम्ही लपवायला नको होती. ‘त्याला कळवू नको’ हे आपल्याकडच्या आया म्हणतातच. त्यात माया असते, मुलाचा फोन लागलाच तर तो गोड बोलण्यात जावा ही इच्छाही असते. पण त्यामुळे होतं काय, तर म्हातारपणाच्या सगळ्या बातम्या शेजारच्या दारात साठतात आणि मुलाच्या कानावर एकदम हॉस्पिटलच जातं. मग तो धसक्याने काहीबाही बोलतो. यापुढे काकींना सरळ सांगून टाका : ‘काकी, तुमच्या तब्येतीचं मी त्याला आणि तुमच्या मुलीला त्याच दिवशी कळवणार. तुम्हाला आवडो न आवडो.’ दोन दिवस फुगून बसतील. बसू देत.

आता कामाचं. बंड्या यायच्या आधी त्याला मेसेज करा, ग्रुपवर नाही, एकट्याला. साधारण असा :

‘येतोयस ते भारीच. त्याआधी दोन गोष्टी. मे महिन्यात काकींचे १८,००० झाले : प्लेट, औषधं, नंतर ठेवलेली बाई. तेव्हा तुला बोलवेना, आता सांगतोय. बिलं पाठवतो. दुसरं, मला सगळं एकट्याने जमत नाहीये, ऑफिस आणि घर धरून. काकींना दिवसाची बाई लावू. माणूस मी बघतो, पगार तुझा. एप्रिलमध्ये त्यांना दोनदा चक्कर आली होती, तेही तुला माहीत हवं. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी मी घेणार नाही. का ते बोलू. रविवारी तुझे सकाळचे ९, माझे संध्याकाळचे साडेसहा. अर्धा तास काढ. ठाण्याच्या बहिणीलाही घे कॉलवर.’

तुमच्या भाषेत लिहा, वर दोन शिव्या घाला, माझी हरकत नाही. फक्त आकडा गाळायचा नाही. आणि ‘गैरसमज करून घेऊ नकोस हं’ असलं काही जोडायचं नाही; ते वाचलं की माणूस गैरसमज शोधायलाच लागतो. आकडा कळला की तो त्याच संध्याकाळी पैसे पाठवेल असा माझा अंदाज आहे. नाही पाठवले तर तेही कळलेलं बरं.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर मी अडून बसणार आहे, कारण त्या एका कागदाने तुमची दोस्तीच काय, चाळीतली तीन बिऱ्हाडं एकमेकांशी बोलायची बंद होऊ शकतात. पहिला प्रश्न : खोली कुणाच्या नावावर आहे? भाडेपावती काढून बघा. काकांच्या नावाची पगडीची खोली (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेली) असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे ती भाडेदारी जाते. काकांबरोबर राहत होत्या त्या काकी. बंड्या तेव्हा अमेरिकेत होता. म्हणजे सही काकींची चालणार, आणि बंड्याने स्वतःच्या नावाने दिलेल्या अधिकारपत्रात तुम्हाला देण्याजोगं फारसं काही नाहीच. त्याच्या ध्यानातही ते आलं नसेल. आपल्याकडे घर म्हटलं की ते मुलाचं, असं मुलगाही धरून चालतो आणि शेजारीही.

म्हणून पावती अजून काकांच्या नावावर असली तर पहिलं काम ती काकींच्या नावावर करून घेणं. चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल, आणि लालबागमधल्या जुन्या चाळी बहुतेक असतात, तर पुनर्विकासासाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि पात्र भाडेकरूंची यादी म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ प्रमाणित करतं. त्या यादीत काकींचं नाव बरोबर लागलंय का, हे बंड्याने येऊन स्वतः बघायचं काम आहे. मिटिंगला त्यालाच बसवा. पुनर्विकासाची एक मिटिंग पूर्ण ऐकली की तुम्ही तीन वर्षं काय सोसलंत ते वेगळं सांगावं लागणार नाही.

काकींना खरंच कुणाला अधिकार द्यायचे असतील तर ते मुलगी किंवा मुलगा यांना. महाराष्ट्रात घर विकण्याचे वा दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अधिकार जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय दिले तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं; मित्राला, शेजाऱ्याला दिले तर खरेदीखताइतकं. कायद्यालाही एवढं कळतं की परक्या माणसाच्या हातात हा कागद आला की त्यामागे व्यवहार असू शकतो. उद्या त्या ठाण्याच्या बहिणीने हाच प्रश्न विचारला, ‘आमच्या घराच्या कागदावर याचं नाव काय करतंय?’ तर तुम्ही कोणत्या तोंडाने उत्तर देणार? बिलं दाखवून?

या बहिणीचं मला राहून राहून आश्चर्य वाटतंय. न्यू जर्सीहून निघालेला मेसेज ठाण्यावरून उडत लालबागला उतरतो. ठाण्याहून लालबागजवळच्या करी रोडला थेट धीमी लोकल आहे! कदाचित तिची सासरची काही अडचण असेल. कदाचित तिला कुणी विचारतच नसेल, कारण दादाने मित्राला सांगून ठेवलंय आणि आपण मध्ये पडलो तर तो दुखावेल असं तिला वाटत असेल. हेही शक्य आहे की ‘परक्या मुलाला माहीत असतं आणि मला शेवटी कळतं’ म्हणून ती तुमच्यावरच रुसली असेल. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. राखीही बांधत असेल पूर्वी. एक फोन करायला काय हरकत आहे?

बाकीच्या कामांत फार शिरत नाही, ती तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत. एवढंच की त्यातली बरीचशी तुमच्याशिवाय होतात. हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून देता येतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला हे माहीतच असणार. बंड्याला आणि बहिणीला माहीत आहे का? काकांनी निवृत्त होताना रेल्वेच्या आरोग्य योजनेत नाव घातलं होतं का तेही बघा. असेल तर काकींचं उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेच्या उपचारांचं ओळखपत्र, काढून घ्या. भायखळ्याचं रेल्वेचं हॉस्पिटल लालबागपासून किती लांब आहे? औषधं दुकानवाला घरी पोचवतो. फोनवरून पैसे भरणारा माणूस न्यू जर्सीत बसला तरी त्याला चालतं.

डब्याचं मात्र बघा. तो तुमच्या बायकोने सुरू केला, तिनेच ठरवायचं चालू ठेवायचा की नाही. ‘काकींचा मुलगा नक्की कोण’ हे ती टोमणा म्हणून बोलली असेल, पण तिच्या कामाचा हिशेब तुमच्या पत्रातही नाही हो. १८ हजारांचा आहे. बंड्याशी बोलताना ‘माझी बायको तीन वर्षं काकींना डबा देते’ हे वाक्य तुमच्या तोंडून यायला हवं, आणि ते तिच्यासमोर.

तुमच्यासाठी काय उरलं? काकींकडे जाऊन चहा प्यायचा, चाळीतल्या बातम्या सांगायच्या, ‘साखर किती टाकलीत’ म्हणून दटावायचं. हे तुम्ही मनापासून करता आणि त्याला बिल लागत नाही. मला तर वाटतं, चार वेळा रांगेत उभं राहावं लागतं म्हणून हल्ली तुम्ही त्यांच्याकडे नुसतं बसायला जातच नसाल.

आता गणपतीचे बारा दिवस. एकदा चतुर्थी लागली की लालबागमध्ये टॅक्सी आत शिरत नाही आणि तुमच्या गल्लीतून म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेणं म्हणजे दर्शनाच्या रांगेतून उलटं चालणं. म्हणून बंड्याला तिकीट चार दिवस अलीकडचं काढायला सांगा. त्या चार दिवसांत केईएमची ओपीडी, घरमालक, म्हाडा, बाईचा बंदोबस्त, सगळं त्याने करायचं. तुम्ही सोबत जा, पण फाइल त्याच्या हातात द्या. मग पुढे आरत्या, मोदक, गच्ची, काय वाटेल ते. अलिबागला तुम्हाला जावंसं वाटत असेल तर जा. ‘सगळ्यांनी सुट्ट्या टाका’ला उत्तर म्हणून नका जाऊ, एक दिवस जमत असेल तर एकच दिवस सांगा. तो चिडवेल, ‘काय रे, मोठा साहेब झालास.’ चिडवू दे की. कुणीतरी अजून चिडवतंय.

गच्चीवर बसाल तेव्हा एक करून बघा. तुमच्या चौघांच्या गप्पा म्हणजे सरांची नक्कल, हंडीला चौथ्या थरावरून कोण कसा पडला, कुणाचं पत्र कुणाच्या हाती लागलं, हेच असणार. मजा आहे त्यात. पण ते सगळं तुमच्या बाविशीच्या आतलं, आणि त्यानंतर सोळा वर्षं गेलीत. त्या सोळा वर्षांत कुणाचं कर्ज झालं, कुणाची नोकरी जाता जाता राहिली, कुणाला मूल होत नव्हतं, वडील गेले तेव्हा बंड्याला विमानात चौदा-पंधरा तास काय वाटलं, हे तुम्ही एकमेकांना कधी विचारलंय? त्याच्या डोळ्यांसमोरचे तुम्ही अजून बावीस वर्षांचे आहात, मोकळ्या संध्याकाळींचे, म्हणून तो खुशाल काम सांगतो. तुमच्या डोळ्यांसमोरचा तो अमेरिकेला गेलेला हिरो आहे, म्हणून तुम्ही पैसे मागत नाही. दोघांनीही एकमेकांना अडतीस वर्षांचं बघितलेलं नाही. सुरुवात तुम्ही करा. त्याला विचारा, नोकरीचं काय चाललंय, झोप लागते का. आणि उत्तर ऐकल्यावर लगेच नक्कल सुरू करू नका.

विरारचा मित्र हे वाचत असेल तर त्यालाही सांगते. चर्चगेटच्या गाडीने दादरला उतरून लालबागला यायला तुम्हाला जमत नाही आणि न्यू जर्सीवाला आला की मात्र जमतं, हे बाकीच्यांच्या लक्षात आलेलं आहे. पत्रात नव्हतं, मी माझ्याकडून घातलं.

शेवटचा एक मुद्दा, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि जो बंड्याच्याही डोक्यात नसावा. पुनर्विकास झालाच तर चाळ रिकामी होणार. काकींची खोली जाईल तशी तुमचीही जाईल. बिल्डर भाडं देईल, पण त्या भाड्यात लालबागमध्ये जागा मिळणार नाही आणि तुम्ही कुठल्या कुठे, काकी कुठल्या कुठे. चार-पाच वर्षं, कधी कधी दहासुद्धा. ज्या ‘तिथे’च्या भरवशावर बंड्या निर्धास्त आहे, ते ‘तिथे’च पाडायचं चाललंय, आणि त्याच कामासाठी तो तुमच्या नावाने कागद करतोय! तेव्हा काकी त्या वर्षांत कुणाकडे राहणार, हे बंड्या आणि त्याची बहीण यांनी काकींना समोर बसवून, त्यांना विचारून ठरवायला हवं. तुम्ही त्या बैठकीत चहा घ्या, मत विचारलं तर द्या. ‘माझ्याकडे राहू देत’ हे वाक्य तुमच्या जिभेवर येईल, मी तुम्हाला एका पत्रात ओळखलंय. बायकोला विचारल्याशिवाय ते बोलायचं नाही.

बंड्या चिडला तर? चिडेल थोडा. आठ-दहा दिवस ग्रुपवर गप्प बसेल, पक्याला फोन करून तुमची तक्रार करेल. पक्या तुम्हाला सांगेल. तेव्हा पक्याला मध्यस्थ करू नका, थेट बंड्याला फोन लावा आणि रविवारची वेळ पुन्हा सांगा. मात्र या सगळ्याआधी, आज संध्याकाळी बँकेतून आलात की काकींकडे जा. बहिणीचा नंबर घ्या आणि भाडेपावतीचा फोटो काढून घ्या. पावती बहुधा देवघराच्या खालच्या खणात किंवा काकांच्या जुन्या रेल्वेच्या डायरीत असेल.